पासवर्डचे नियम कोठून आले? संगणक-सुरक्षा, चूक आणि जबाबदारी यांचा इतिहास

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर परीक्षेचा अर्ज भरायला बसलेल्या विद्यार्थ्याला अर्जाआधीच एक परीक्षा द्यावी लागते. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा हवा. त्यात एक मोठे रोमन अक्षर, एक लहान अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह हवे. मागचे तीन पासवर्ड पुन्हा चालणार नाहीत. हे सगळे जुळवून आणले, की तीन महिन्यांनी ते बदलायचे. मग अर्जाच्या शेवटच्या दिवशी रात्री साडेअकराला तो पासवर्ड आठवत नाही आणि सगळेजण एकमुखाने सांगतात, की चूक विसरणाऱ्याची.

हे नियम कोणी केले, केव्हा केले आणि कोणत्या यंत्रासाठी केले, हे संगणकशास्त्राच्या तासाला सहसा कोणी विचारत नाही. नियम आभाळातून पडल्यासारखे पाठ्यपुस्तकात येतात. या टिपणात आपण तोच प्रश्न घेणार आहोत. त्यासाठी प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. मात्र वाचताना एक धागा हाती धरा. प्रत्येक टप्प्यावर यंत्रात एखादी उणीव सापडते, ती भरून काढण्याचे काम हळूहळू वापरणाऱ्याच्या अंगावर येते आणि पुढे पैशाचे नुकसान झाले की ते कोणी सोसायचे, हेही त्यावरून ठरू लागते.

एक यंत्र, अनेक वाटेकरी

१९६०च्या सुमारास संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले अतिशय महाग यंत्र होते. भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, छापील उत्तर घ्यायचे. एक स्वल्पविराम चुकला तरी पुन्हा रांग. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१मध्ये सीटीएसएस या ऑपरेटिंग सिस्टीमचे प्रात्यक्षिक दाखवले. एकच संगणक आपला वेळ अनेकांमध्ये इतक्या झपाट्याने वाटून द्यायचा, की टर्मिनलवर बसलेल्या प्रत्येकाला यंत्र आपलेच आहे असे वाटे. याला टाइम-शेअरिंग म्हणतात.

यंत्र सामायिक झाले, पण फाइली ज्याच्या त्याच्या होत्या आणि वेळेचा हिशेबही ज्याचा त्याचा होता. कोण बसले आहे हे यंत्राला कळावे म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द देण्यात आला. संगणकावरील पासवर्डची सुरुवात बहुतेक इतिहासकार येथूनच मानतात. चोर-दरोडेखोरांपासून बचाव हा तेव्हा विचारच नव्हता. वसतिगृहातल्या कपाटांना लावलेल्या साध्या कुलपांसारखी ही व्यवस्था होती. आपापल्या वस्तूंत सरमिसळ होऊ नये, एवढेच तिच्याकडून अपेक्षित होते.

हे कुलूप पहिल्याच वर्षी उघडले गेले. अ‍ॅलन शेर हा पीएचडीचा विद्यार्थी. त्याला आठवड्याला चार तास यंत्र मिळे आणि त्याच्या संशोधनाला तेवढे पुरत नव्हते. सगळ्यांचे पासवर्ड एका फाइलमध्ये साध्या अक्षरांत साठवलेले आहेत हे त्याला ठाऊक होते. कोणतीही फाइल छापून हवी असेल, तर तिचे नाव कार्डावर लिहून रात्री ठेवून द्यायचे, अशी सोयही होती. १९६२मध्ये एका शुक्रवारी रात्री त्याने पासवर्डच्या फाइलचेच नाव लिहून ठेवले. शनिवारी सकाळी यादी छापून तयार होती. मग तो इतरांच्या नावावर बसून आपले काम करू लागला. ही गोष्ट त्याने सुमारे पंचवीस वर्षांनी उघड केली.

काही वर्षांनी याच सीटीएसएसवर आणखी मोठा गोंधळ झाला. लॉग-इन करताच रोजचा एक निरोप पडद्यावर येई. एके दिवशी निरोपाच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड छापले जाऊ लागले. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन वेगवेगळ्या फाइली दुरुस्त करत होते आणि संपादनाचा प्रोग्रॅम दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरत होता. त्यामुळे दोन फाइलींची अदलाबदल झाली. १९९०चा ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात कोर्बातो यांनी हा प्रसंग स्वतः सांगितला. आरंभी दोन व्यवस्थापक एकाच वेळी काम करतील असे कोणाच्या मनातच नव्हते, पुढे गरज वाढली आणि ते गृहीतक मोडले.

या दोन्ही घटनांत कोणाही वापरकर्त्याने कमकुवत पासवर्ड निवडलेला नव्हता, कोणी तो दुसऱ्याला सांगितलाही नव्हता. पासवर्ड कितीही अवघड असता तरी तो त्या छापील यादीत दिसलाच असता.

एमआयटीतल्याच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत मात्र वेगळे वारे होते. तिथल्या मंडळींनी सीटीएसएसमधील ‘कंपॅटिबल’ या शब्दाची थट्टा करत आपल्या सिस्टीमला ‘इन्कंपॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टीम’ असे नाव दिले. तिच्यावर सुरुवातीला पासवर्डच नव्हते आणि एकमेकांच्या फाइली उघडून पाहणे हा शिकण्याचाच भाग मानला जाई. सिस्टीम बंद पाडण्याची आज्ञा तर त्यांनी सर्वांसाठी उघडपणे ठेवली होती. जे कोणालाही करता येते ते करून दाखवण्यात कसली फुशारकी, हा त्यामागचा हिशेब! पुढे शेजारच्या विभागातल्या संगणकांवर पासवर्ड आले. तेव्हा रिचर्ड स्टॉलमन यांनी ते उलगडून काढले आणि लोकांना निरोप पाठवले, की तुमचा पासवर्ड मला दिसतो आहे, त्यापेक्षा नुसते एंटरचे बटण दाबण्याचा पासवर्ड ठेवा. बऱ्याच जणांनी ते ऐकलेही. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा इतिहास अभ्यासताना हे स्टॉलमन तुम्हाला पुन्हा भेटतील. पासवर्डकडे संशयाने पाहणारी ही संस्कृती एकमेकांना ओळखणाऱ्या मूठभर माणसांत टिकली. नेटवर्क वाढले तशी तिची जागा कमी होत गेली, आणि ते अटळ होते असे मला वाटते.

३२८९ पासवर्ड

पासवर्ड साध्या अक्षरांत साठवणे धोक्याचे आहे, यावर पहिला खरा उपाय इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात निघाला. रॉजर नीडहॅम यांनी सुचवले, की संगणकाने पासवर्ड साठवूच नये. त्यावर अशी गणिती क्रिया करावी, की निघालेल्या उत्तरावरून मूळ शब्दाकडे परत जाता येऊ नये, आणि फक्त ते उत्तर साठवावे. गव्हाचे पीठ करता येते, पिठाचा गहू करता येत नाही, तसे. लॉग-इन करताना दिलेला शब्द पुन्हा दळायचा आणि दोन्ही पिठे जुळतात का ते पाहायचे. मॉरिस विल्क्स यांच्या १९६८च्या पुस्तकाने ही कल्पना सर्वदूर पोहोचवली. आज हिला हॅश म्हणतात आणि तुमच्या कोणत्याही खात्यामागे तिचीच सुधारलेली आवृत्ती असते. निदान असायला हवी.

बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमने ही कल्पना स्वीकारली. तिथल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९मध्ये पासवर्डच्या सुरक्षिततेवर एक छोटा लेख प्रसिद्ध केला. आजच्या नियमांचे बीज त्यात आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

त्यांनी प्रत्यक्ष वापरातले ३२८९ पासवर्ड गोळा करून तपासले. १५ जणांनी एकच अक्षर ठेवले होते, ७२ जणांनी दोन आणि ४६४ जणांनी तीन. ४७७ पासवर्ड चार अक्षरांचे होते. पाच अक्षरी, सगळी अक्षरे एकाच आकाराची, असे ७०६ होते, तर सहा लहान अक्षरांचे ६०५. उरलेल्यांपैकी ४९२ शब्दकोशात किंवा नावांच्या याद्यांत सापडले. एकूण २८३१, म्हणजे ८६ टक्के पासवर्ड यंत्राने शोधण्याजोगे निघाले.

यावर लेखकांनी सुचवलेले उपाय दोन जातींचे होते. पहिली जात यंत्राकडून काम करून घेणारी. दळण्याची क्रिया मुद्दाम संथ करायची, म्हणजे चोराला लाखो शब्द चटकन पडताळता येणार नाहीत. शिवाय प्रत्येक पासवर्डमध्ये यंत्रानेच एक यादृच्छिक भर घालायची. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी साठवलेले उत्तर वेगळे येते. या भरीला ‘सॉल्ट’, म्हणजे मीठ, म्हणतात. दुसरी जात माणसाकडून काम करून घेणारी. कोणी एकाच आकाराच्या अक्षरांचा सहापेक्षा लहान, किंवा मिश्र चिन्हांचा पाचपेक्षा लहान पासवर्ड दिला, की प्रोग्रॅम आणखी मोठा शब्द मागू लागला. ‘अंक आणि चिन्ह घाला’ या आजच्या सूचनेचे हे एक मूळ. थॉम्पसन-मॉरिस यांचा प्रोग्रॅम मात्र विनवणीच करत होता. तो ठामपणे अडवून धरत नसे.

पहिल्या जातीचे उपाय वापरणाऱ्याला दिसतही नाहीत. दुसऱ्या जातीचे रोज डोळ्यांसमोर येतात. म्हणूनच ‘सुरक्षा म्हणजे वापरणाऱ्याने पाळायचे नियम’ असा समज पसरला असावा.

येथे एक गमतीची पुरवणी. १९८०च्या दशकातील एका युनिक्स आवृत्तीच्या जतन केलेल्या फाइलींमध्ये युनिक्सच्या निर्मात्यांच्याच पासवर्डचे हॅश राहून गेले होते. २०१९मध्ये हौशी मंडळींनी ते फोडले. काही सहज फुटले. एका दिग्गजाने कीबोर्डवरील शेजारशेजारच्या विरामचिन्हांची नुसती पुनरावृत्ती केली होती. केन थॉम्पसन यांचा पासवर्ड सर्वांत चिवट ठरला. आधुनिक ग्राफिक्स कार्डालाही त्यासाठी चार दिवसांहून अधिक वेळ लागला. तो होता बुद्धिबळातली एक सुरुवातीची चाल, वजिरापुढचे प्यादे दोन घरे, जुन्या पद्धतीच्या नोंदीत लिहिलेली. थॉम्पसन बुद्धिबळ खेळणारी यंत्रे बांधत असत, त्यामुळे ती चाल विसरण्याचा प्रश्नच नव्हता. आठवायला सोपा आणि ओळखायला अवघड पासवर्ड कसा असतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मुलाचा किडा

याच रॉबर्ट मॉरिस यांचा मुलगा रॉबर्ट टॅपन मॉरिस कॉर्नेल विद्यापीठात शिकत होता. २ नोव्हेंबर १९८८ रोजी त्याने स्वतःच्या प्रती काढत एका संगणकावरून दुसऱ्यावर जाणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. हा मॉरिस वर्म. सुमारे ६००० संगणक ठप्प झाले असा अंदाज त्या वेळी मांडला गेला. वडील तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय संगणक सुरक्षा केंद्रात प्रमुख वैज्ञानिक होते. मुलाला पुढे न्यायालयाने दोषी ठरवले. तुरुंगवास मात्र झाला नाही.

वर्म आत शिरायला अनेक वाटा वापरत होता. मेल पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅममधली चाचणीसाठी ठेवलेली एक पळवाट उघडी राहिली होती. दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये येणाऱ्या मजकुराची लांबी तपासलीच जात नव्हती. तिसरी वाट पासवर्डची. वर्म खातेदाराचे नाव उलटसुलट करून पाही, नंतर सोबत आणलेले ४३२ शब्द, आणि मग त्याच संगणकावरचा शब्दकोश. हे शक्य झाले, कारण तेव्हाच्या युनिक्सवर हॅशची फाइल कोणालाही वाचता येत असे. ती लपवून ठेवण्याची पद्धत त्यानंतर सर्वत्र रुळली. घटनेतून लोकांपर्यंत पोहोचलेला धडा मात्र ‘शब्दकोशातला शब्द ठेवू नका’ हा होता.

पासवर्ड ठरावीक काळाने बदलण्याची रीतही याच दशकात पक्की झाली. १९८५मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने पासवर्ड-व्यवस्थापनावर एक मार्गदर्शिका काढली. तिचे तर्कशास्त्र सरळ होते. चोर एका मिनिटाला किती शब्द पडताळू शकतो आणि एकूण शब्द किती शक्य आहेत, यावरून पासवर्ड किती दिवस टिकेल हे काढता येते. तेवढ्या अवधीच्या आत तो बदलावा. पासवर्ड यंत्रानेच यादृच्छिक पद्धतीने तयार करून द्यावा, हा या गणिताचा पाया होता. पुढे कार्यालयांनी मुदत उचलली आणि पाया सोडून दिला. माणूस स्वतः निवडतो तेव्हा तो जुन्याच शब्दाच्या शेपटीला एक अंक वाढवतो, हे गणितात नव्हतेच.

विसरलेली अट

या सगळ्यात एक जुनी अट मागे पडली. १८८३मध्ये ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी लष्करी गुप्तलेखनाच्या सहा अटी सांगितल्या होत्या. त्यांतली दुसरी फार प्रसिद्ध आहे. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, अशा अर्थाची ती अट संगणक-सुरक्षेच्या प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवतात. सहावी सहसा शिकवत नाहीत. पद्धत वापरायला सोपी हवी, तिच्यासाठी डोक्याला ताण देऊन लांबलचक नियम लक्षात ठेवावे लागू नयेत, असे तीत म्हटले आहे. रणांगणावर थंडीत कुडकुडणाऱ्या सैनिकाचा विचार त्यामागे होता.

जेरोम सॉल्टझर आणि मायकल श्रोडर यांनी १९७५मध्ये संगणकातील माहितीच्या संरक्षणाची आठ तत्त्वे मांडली. त्यांतले शेवटचे तत्त्व जवळपास हेच सांगते. संरक्षणाची सोय माणसाला सहज आणि आपोआप बरोबर वापरता आली पाहिजे. म्हणजे तज्ज्ञांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. तत्त्व कागदावर होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सॅसे यांनी १९९९मध्ये कर्मचाऱ्यांशी बोलून दाखवून दिले, की माणसे पासवर्ड चिठ्ठीवर लिहितात ती बेफिकिरीमुळे नाही. पाच-सहा वेगवेगळे, वारंवार बदलणारे शब्द सांभाळून नेमून दिलेले काम करणेच त्यांना अशक्य असते. वापरणारे शत्रू नाहीत, असे त्या लेखाचे शीर्षकच सांगत होते.

नियमांना सरकारी शिक्का मात्र त्यानंतर बसला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयएसटीमध्ये, बिल बर यांनी लिहिलेली मार्गदर्शिका २००४मध्ये आली. मोठी अक्षरे आणि चिन्हे घालायला लावली की पासवर्डची ताकद ठरावीक प्रमाणात वाढते, असा अंदाज तिच्या परिशिष्टात होता. इंग्रजी मजकुरातले पुढचे अक्षर किती ओळखता येते, यावरच्या क्लॉड शॅनन यांच्या जुन्या कामाचा त्याला आधार होता. माणसे खरोखर कसे पासवर्ड निवडतात याची सामग्री जवळपास नव्हती. मार्गदर्शिका सरकारी खात्यांसाठी होती, पण तिची नक्कल जगभर झाली. लेखापरीक्षकाला यादीवर खूण करता येते, एवढे कारण त्यासाठी पुरेसे असते.

सामग्री मिळाली ती चोरांच्या कृपेने. डिसेंबर २००९मध्ये रॉक-यू या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर फुटले. कंपनीने ते साध्या अक्षरांत साठवले होते, म्हणजे १९६२च्या एमआयटीप्रमाणेच. सर्वांत लोकप्रिय पासवर्ड एक ते सहा हे अंक ओळीने लिहिलेला निघाला. बातम्यांनी लोकांच्या या मूर्खपणावर भरपूर शाई खर्च केली. पासवर्ड न दळता ठेवणाऱ्या कंपनीवर त्या मानाने कमी.

पुढच्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी ७७००हून अधिक जुन्या खात्यांचा अभ्यास केला. तिथे दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलणे सक्तीचे होते. हॅश हाती असेल, तर जुन्या पासवर्डवरून नवा काही सेकंदांत ओळखता येतो, असे ४१ टक्के खात्यांबाबत आढळले. १७ टक्के खात्यांत तर पाच प्रयत्नांत. म्हणजे मुदतीचा नियम वापरणाऱ्याला छळत होता आणि चोराला फारसा अडवत नव्हता.

शेवटी २०१७मध्ये एनआयएसटीने आपले म्हणणे बदलले. चिन्हांची सक्ती करू नये, ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, लांबी महत्त्वाची मानावी आणि फुटलेल्या पासवर्डच्या यादीशी नवा शब्द ताडून पाहावा. शेवटचे काम यंत्राने करायचे आहे, हे लक्षात घ्या. बर यांनी त्याच वर्षी एका वृत्तपत्राशी बोलताना आपल्या जुन्या कामाबद्दल खेद व्यक्त केला. मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये विंडोजच्या शिफारशींतून मुदतीची अट काढली. एनआयएसटीच्या २०२५च्या आवृत्तीत ‘करू नये’ची जागा स्पष्ट मनाईने घेतली. तरीही आपल्या आसपासच्या अनेक संकेतस्थळांवर जुने नियम तसेच नांदत आहेत. नियम लावणे एका ओळीचे काम असते. तो काढण्यासाठी कोणाला तरी सही करावी लागते.

त्रास देण्यासाठीच

ऑपरेटिंग सिस्टीमच्या इतिहासातला एक प्रसंग येथे सांगायला हवा. विंडोज एक्सपीच्या काळात घरगुती संगणकावर बहुतेक सगळे जण पूर्ण अधिकाराच्या खात्यावरच काम करत. त्यामुळे प्रोग्रॅम लिहिणारेही तेच गृहीत धरत, आणि एखादा विषाणू शिरला की त्यालाही पूर्ण अधिकार मिळत. २००७मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टाने यावर उपाय केला. अधिकाराची गरज असलेले काही घडू लागले, की पडदा काळवंडून प्रश्न विचारला जाई, की हे चालू द्यायचे का. प्रश्न इतके येत, की लोक न वाचता ‘हो’ म्हणू लागले. एप्रिल २००८मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकाऱ्याने सुरक्षाविषयक परिषदेत मोकळेपणाने सांगितले, की ही सोय लोकांना त्रास व्हावा म्हणूनच ठेवली होती. ग्राहक वैतागले म्हणजे प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपन्या सुधारतील, असा डाव होता.

तो बऱ्याच अंशी साधलाही. पण कोट्यवधी लोकांच्या वैतागाचा दुसऱ्याला हाकायला चाबूक म्हणून वापर झाला आणि त्या वैतागाची किंमत कोणत्याही हिशेबवहीत लिहिली गेली नाही. कॉर्मॅक हर्ली या संशोधकाने २००९मध्ये असाच एक हिशेब मांडला. प्रत्येकाने फसवी संकेतस्थळे ओळखण्यासाठी रोज एक मिनिट पत्ता वाचण्यात घालवला, तर त्या मिनिटांची किंमत अशा फसवणुकीतल्या एकूण नुकसानीच्या सुमारे शंभरपट होईल. मग सल्ला न ऐकणारा माणूस आळशी म्हणायचा की व्यवहारी?

देवनागरीतला पासवर्ड

‘एक मोठे अक्षर हवे’ हा नियम रोमन लिपीचा आहे. देवनागरीत, तमिळमध्ये किंवा बंगालीत मोठे-लहान असा भेद नाही. २०१७च्या मार्गदर्शिकेने सर्व लिपींतली अक्षरे स्वीकारावीत असे सुचवले, पण त्यात खरी तांत्रिक अडचण आहे. ‘क्षि’ आपल्याला एकच अक्षर वाटते. युनिकोडमध्ये ते क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार संकेत असतात. मग आठ अक्षरे मोजायची कशी? मराठीतला ‘तऱ्हा’ हा शब्द तर आणखी फसवा. त्यातला अर्धा र एका कीबोर्डवर स्वतंत्र ‘ऱ’ला हलन्त जोडून येतो, दुसऱ्यावर साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक न दिसणारा जोडसंकेत टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, दळल्यावर मात्र पीठ वेगळे पडते. पासवर्ड लिहिताना पडद्यावर नुसते ठिपके दिसत असल्याने चूक कळणारही नाही. घरच्या फोनवर चालणारा शब्द कॉलेजच्या प्रयोगशाळेत चालणार नाही आणि दोष पुन्हा विद्यार्थ्याचा ठरेल. ही गाठ सोडवणे मोठे कठीण नाही. दळण्याआधी दोन्ही रूपे एका ठरावीक रूपात आणली, की झाले. पण ते करायचे तर ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही असे लोक गृहीत धरून प्रोग्रॅम लिहावा लागतो.

नुकसान कोणाचे?

आतापर्यंतच्या गोष्टींत वेळ आणि मनस्ताप गेला. बँकेच्या बाबतीत पैसा जातो. ब्रिटनमध्ये १९८०च्या आणि १९९०च्या दशकांत अनेक ग्राहक तक्रार करत, की आपण न काढलेले पैसे एटीएममधून गेले. बँका म्हणत, आमची यंत्रणा चुकूच शकत नाही, तुम्ही पिन कोणाला तरी दिला असणार. केंब्रिजच्या रॉस अँडरसन यांनी १९९३च्या लेखात अशा प्रकरणांमागची कारणे तपासली. गणिती कूटपद्धती फोडून चोरी झाल्याचे जवळपास कोठेच दिसेना. कारणे साधी होती. आतल्या माणसांची लबाडी, पिन टपालाने पाठवण्यातली ढिलाई, यंत्रणेच्या जुळणीतल्या चुका. एका बँकेत कार्डावरचा कूट पिन खाते क्रमांकाशी जोडलेलाच नव्हता. आपल्याच कार्डावर दुसऱ्याचा खाते क्रमांक उमटवून स्वतःच्या पिनने पैसे काढता येत.

इंग्लंडमधल्या एका पोलीस शिपायाने अशीच तक्रार केली. त्याच्या वित्तसंस्थेने त्याच्यावरच फसवणुकीच्या प्रयत्नाचा आरोप केला आणि १९९४मध्ये तो दोषी ठरला. अपिलात बचाव पक्षाने संस्थेची संगणक-यंत्रणा तपासायला मागितली. संस्थेने नकार दिला आणि १९९६मध्ये तो निर्दोष सुटला. अमेरिकेत चित्र उलटे होते. तिथे वादग्रस्त व्यवहार ग्राहकानेच केला हे बँकेला सिद्ध करावे लागे. अँडरसन यांचे निरीक्षण असे, की नुकसान सोसावे लागत नसल्याने ब्रिटिश बँका अधिक निष्काळजी राहिल्या.

भारतात १ ऑगस्ट २००९पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना दुसरा पडताळा सक्तीचा केला. त्यातूनच ओटीपी आपल्या रोजच्या बोलण्यात आला. कार्डाचा नुसता क्रमांक चोरून आता भागेना. मग चोरांनी मोर्चा माणसाकडे वळवला आणि ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे वाक्य घरोघरी पोहोचले. सल्ला योग्यच आहे. पण बँकेचा माणूस म्हणून बोलणाऱ्याची ओळख पडताळण्याची सोय ग्राहकाकडे काय असते? बँक ग्राहकाला ओळखते, ग्राहकाने बँकेला कसे ओळखायचे हा अर्धा भाग रचनेत राहूनच गेला आहे.

६ जुलै २०१७च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या जबाबदारीला मर्यादा घातली. बँकेची चूक असेल तर ग्राहकाला काहीही सोसावे लागत नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर पूर्ण संरक्षण मिळते. ग्राहकाने निष्काळजीपणे गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचे ओझे मात्र बँकेवर आहे. हा कलम प्रत्येक खातेदाराने माहीत करून घ्यावा, कारण शाखेत तक्रार घेऊन गेल्यावर संभाषण बहुधा ‘तुम्हीच ओटीपी दिला असेल’ येथून सुरू होते. १ एप्रिल २०२६पासून लागू होणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत एसएमएसखेरीज इतर पडताळ्यांना वाव दिला आहे. कार्ड किंवा खाते देणाऱ्या संस्थेने हे निर्देश न पाळता झालेल्या व्यवहारात नुकसान झाले, तर तिने ते ग्राहकाला कुरकूर न करता पूर्ण भरून द्यायचे, असेही त्यांत लिहिले आहे. ‘निष्काळजीपणा’ या शब्दाची व्याख्या मात्र प्रत्येक प्रकरणात नव्याने भांडून ठरवावी लागते.